यल्लाक्काच्या खाणीचं टेसन

यल्लाक्का, आज सकाळची गाडी आली, थांबली आन् गेली, पर माझ्याशी भांडायला कुणीच आलं न्हाई.

मी आपला रोजच्यासारखा सांधा बसवला, निशाण दाखवलं, गाडी परळीकडं सोडली आन् सवयीनं खाणीकडं तोंड करून उभा राहिलो. आता तू कमरेवर हात ठेवून वरडणार, "ए पैटमन, गेली का रं तुझी गाडी आमच्या खडीवरून? रुतली तर न्हाई ना कुठं?" आन् मी म्हणणार, "तुमची खडी आमच्या डब्यातून गेली म्हणून कुणीतरी इचारलं, न्हाईतर बसली असतीस माळावर गारगोट्या मोजत!" किती वर्सं हेच चाललंय. दगडावर हातोड्याचा आन् छिन्नीचा आवाज न्हाई, खाण गप, समदी बाया-माणसं आपापल्या दारात बसलेली. मी एकटाच निशाण गुंडाळत उभा. भांडणाशिवाय माझा दिवस सुरू होत न्हाई, हे तू गेल्यावर कळालं बघ.

परवा सांजच्याला तुला माती दिली. खाणीच्या वरल्या अंगाला, तुझ्या भावाच्या, रामूच्या मातीशेजारी. तापानं तुला धरलं तेव्हा मी म्हणालो, पाथरवटाची बाई हाय, ताप तिला काय करणार, तापच दमून जाईल. चुकलं माझं. म्हणून आज म्हणलं, उरलंसुरलं बोलून घेऊ. तू ऐकत न्हाईस हे मला ठाऊक हाय, पर तू जितीजागती असताना तरी कुठं ऐकत होतीस?

पहिल्या दिवसाचं भांडण आठवतं का गं? मी केजहून नवाकोरा डगला घालून आलतो. निजामाच्या रेल्वेत गाडीचे रूळ बदलणारा सांधेवाला, साहेबाच्या बोलीत पैटमन, झालतो, म्हणजे मला वाटत व्हतं आता माझ्या हुकमाबिगर चाक हलणार न्हाई. हितं बघतो तर काय, उघडा माळ, एका अंगाला काळा दगड फोडायची खाण, आन् खाणीतली खडी वाहून न्यायला मेन लाइनीपासून फोडलेली आडवी लाइन. टेसन न्हाई, झाड न्हाई. पंधरा-वीस पालं ठोकलेली, गाढवं चरत असलेली. आन् माझ्या सांध्याच्या दांड्याला एक शेळी बांधलेली!

मी वरडलो, "कुणाची हाय ही? सोडा! हे सरकारचं हाय!"

पालातून तू बाहेर आलीस. कपाळाला धूळ, हातात दगड घडवायची टाकी. म्हणालीस, "दांडा सरकारचा असंल. शेळी माझी हाय. आन् हितं दुसरं काय उभं हाय का बांधायला? तूच सांग, तुला बांधू का?"

समदी पालं हसली. माझ्या डगल्याची इज्जत पहिल्याच दिवशी गेली. मी शेळी सोडायला वाकलो तर तिनं माझी टोपी चावली. त्या दिवसापासून तू मला पैटमन म्हणायला लागलीस आन् मी तुला आक्का. कशापायी, ते मला अजूनबी समजलं न्हाई. रागानं म्हणायला लागलो आन् मग तेच राहून गेलं.

आपलं खरं भांडण मात्र एकच. गाव कुणी केलं? मी म्हणायचो रेल्वेनं. बघ की, रुळाखाली टाकायला दगड लागला म्हणून साहेब हितं आला. इंजिनाला पाणी लागलं म्हणून रेल्वेनं हीर पाडली, आन् त्याच हिरीवर तुमच्या घागरी भरायला लागल्या. आधी तुम्ही कोसभर लांबून पाणी आणायचा. छिन्न्यांना धार लावायला लोहार आला, लोहाराच्या मागं चहावाला, चहावाल्याच्या मागं मीठ-मिरचीचं दुकान. खडीचे डबे भरायला ज्या दिवशी इंजिन यायचं, त्या दिवशी आसपासच्या खेड्यातली माणसं भाजी घेऊन यायची, आन् तोच बाजाराचा दिवस झाला. आजपण तोच हाय. मग सांग, रेल्वेनं केलं का न्हाई?

तू तोंड वाकडं करायचीस. "रेल आली तशी जाती, पैटमन. गाव राहणाऱ्याचं असतं."

तवा मला वाटायचं, हिला उगीच जिंकायचं हाय. खरं काय ते पुढं कळालं.

परळीपर्यंत लाइन पुरी झाली आन् खडीचं काम संपलं. साहेबाचा निरोप आला, आडवी लाइन उचलायची. रूळ दुसरीकडं लागत्यात. तुझा भाऊ रामू, टोळीचा मुकादम, त्यानं संध्याकाळी समद्यांना सांगितलं, "गाढवं भरा. पुढच्या आठवड्यात हलायचं." कुणी काय इचारलं न्हाई. तुमच्यात तशी पद्धतच. काम संपलं की पाल उपटायचं. लोकांची देवळं बांधायची, मशिदींच्या पायऱ्या घडवायच्या, वाड्यांचे चिरे काढायचे, आन् आपण पालात निजायचं. दगडाच्या घरात आपण निजलो तर पाय बांधले जातात, असं म्हातारी माणसं सांगायची.

तू चुलीपाशी बसलीस ती उठलीच न्हाईस. रामू तुला म्हणाला, "आक्का, बांध की सामान."

"मी न्हाई येत."

"येडी झाली का तू? हितं काय हाय?"

"मी हाय."

रामू माझ्याकडं वळला. "काय बे पैटमन, तू काय भरवलंस हिच्या डोक्यात?" मी म्हणालो, "बाबा, हिच्या डोक्यात काय भरायला जागा हाय का? आधीच टिच्चून भरलंय." तो हसला, पर तू हसली न्हाईस. आन् मग तू ते सांगितलंस. इतक्या वर्सांच्या वळखीत पहिल्यांदा.

तुझी आई गावोगाव जात्याला टाकी लावत हिंडायची. आष्टीच्या वाटेवर कुठंतरी ती गेली. तू लहान व्हतीस. वाटेच्या कडेला तिला पुरलं आन् टोळी पुढं निघाली. मढं पुरलं की मागं बघायचं न्हाई, ही तुमची रीत. मागं बघितलं की मेलेलं माणूस पाठ सोडत न्हाई म्हणे. तू बापाच्या हाताला धरून चालत राहिलीस आन् मागं बघितलं न्हाईस. मोठी झाल्यावर तू त्या वाटेनं दोनदा गेलीस, तुला जागा सापडली न्हाई.

"रामू," तू म्हणालीस, "आपल्या आईची माती कुठं हाय ते मला ठाऊक न्हाई. तुलाबी न्हाई. माझी माती कुठं हाय ते माझ्या नागीला ठाऊक पाहिजे. बस. मला दुसरं काय नको."

नागी, तुझी एकुलती लेक, तेव्हा परकराला गाठी मारून शेळीमागं पळत व्हती. मी तिथनं उठून माझ्या खोलीत आलो आन् उगीचच कंदिलाची काच पुसत बसलो. मला रडू आलतं, आक्का. तेव्हा न्हाई सांगितलं, आत्ता सांगतो.

दुसऱ्या दिवशी तू साहेबाच्या पुढ्यात जाऊन उभी राहिलीस. मी सोबत आलतो, साहेबाची भाषा तुला आन् तुझी साहेबाला सांगायला. पर माझं सांगून व्हायची तू वाटच बघितली न्हाईस. तू म्हणालीस, "खडी संपली तर संपू द्या. आमाला डबा द्या. आमी दळायची जाती करून पाठवतो, पाटे करतो, उखळं करतो. रेल जिथं जाती तिथं माणसं पीठ खातात का न्हाई?"

साहेब हसला. म्हणाला, जाती कोण रेल्वेनं मागवतंय? तू म्हणालीस, "साहेब, तुमच्या घरी कुणी दळत न्हाई म्हणून तुमाला ठाऊक न्हाई." मी हे जरा मवाळ करून सांगितलं. शेवटी साहेब म्हणाला, रूळ उचलायची गँग यायला अवकाश हाय. तोवर डबे भरून जात राहिले तर लाइन राहील. रिकामी राहिली तर उचलणार.

मग काय! असली घाई मी खडीच्या कामातबी बघितली न्हाई. बाया जाती घडवायला बसल्या, गडी काळा दगड काढून द्यायला. रामू तोंडानं न्हाई न्हाई म्हणत व्हता आन् हातानं सगळ्यात चांगला दगड तुझ्यापुढं आणून टाकत व्हता. डबा भरला. भरताना तू मोठं डोकं चालवलंस. जात्याच्या वरच्या तळ्या, म्हंजी वरचे दगड, एकीकडं, खालच्या एकीकडं. "अशानं जागा वाचती," असं तू मला शिकवलंस, आन् वरून म्हणालीस, "रेल्वेत असून तुला माल भरायची अक्कल न्हाई."

आता हसू नको. मी हे आयुष्यभर सांगितलंय आन् आजबी सांगणार.

उदगीरच्या बाजारात मी सुट्टी काढून तुझ्यासंगं आलतो. डबा उतरवला. लोक जमले, रेल्वेनं आलेली जाती बघायला. एका बाईनं मूठभर ज्वारी टाकून जातं फिरवलं तर ज्वारी जशीच्या तशी बाहेर! दुसरं फिरवलं, ते फिरंचना. तेव्हा तुझ्या ध्यानात आलं. जात्याच्या दोन तळ्या एकमेकींवर घासून, एकमेकींसाठी घडवलेल्या असतात. एका तळीची जोडीदारीण दुसरी होत न्हाई. आन् तू शंभर घरांचे नवरे एकीकडं आन् बायका एकीकडं करून आणले व्हतेस!

उदगीरचे लोक पोट धरधरून हसले. तू भर उन्हात मातीत बसलीस आन् एकेक तळी उचलून जोडी लावायला लागलीस. टाकीचे घाव बोटांनी चाचपायचे, म्हणायचीस, हा माझा हात, हा गंगीचा हात, ही रामूच्या बायकूची, ती डावरी हाय. आपल्या हातचं तू वळखलंस, दोघी-तिघींचं वळखलंस. बाकीचं गठुडं तसंच परत डब्यात आलं. मला वाटलं, संपलं आता.

रामूची गाढवं भरून उभी व्हती. त्यानं डबा उघडून बघितला आन् डोक्याला हात लावला. तू खाली उतरलीस, एक वरची तळी घेतलीस, तिची खालची हुडकून काढलीस, आन् दोन्हीच्या कडेला टाकीनं एक खूण कोरलीस. एकसारखी. मग बायांना म्हणालीस, "ज्या बाईनं घडवलं तिनं आपली खूण घालायची. वरच्याला आन् खालच्याला. दुसरीची घ्यायची न्हाई." गंगीनं पान कोरलं. एकीनं पाऊल, एकीनं विळा. आन् तू कोरलीस शेळी. तुला ती शेळी वाटायची. मला तर उंदीर दिसायचा, आन् तसं मी म्हणालो म्हणून तू दोन दिवस बोलली न्हाईस.

पर आक्का, काय झालं ते बघ! पुढच्या बाजाराला बाया खूण बघूनच जातं मागायला लागल्या. "पानाचं द्या." "पावलाचं हाय का?" लेकीला आंदण द्यायला शेळीचंच पाहिजे म्हणून हटून बसणारी माणसं मी बघितलीत. बिदरपर्यंत मागणी गेली. डबे भरत राहिले, आन् रूळ उचलायची गँग आली न्हाई, आली ती रूळ घट्ट करायला. मग हितं गाडी थांबायला लागली, फलाट झाला, पाटी लागली. पाटीवर शेजारच्या खेड्याचं नाव हाय, पर तिकीट काढताना ते कुणी घेत न्हाई. आमाला खाणीच्या टेसनाचं द्या, म्हणतात. परळीचा तिकीटबाबू आता इचारतबी न्हाई.

आन् घर! ज्या दिवशी तू पालाच्या जागी पहिली दगडी भिंत घातलीस, म्हाताऱ्यांनी तोंडावर पदर-पटके घेतले. पाय बांधले जातील म्हणाले. तू म्हणालीस, "बांधायचेच हायत." पावसाळा आला, पालं गळायला लागली, आन् तुझ्या घरात निम्मी टोळी येऊन निजली. पुढच्या साली रामूनं पाया काढला. आज वरून बघितलं तर खाणीपासून टेसनापर्यंत काळ्या दगडाची घरं हायत, देऊळ हाय, आमची मशीद हाय, आन् दोन्हीच्या पायऱ्या तुझ्याच माणसांनी घडवल्यात. दुसऱ्यांसाठी घडवलेल्या न्हाईत ह्या. आपल्या हायत. छाती फुगती गं माझी. मी केजला जातो तेव्हा लोक इचारतात, कुठं असता? मी म्हणतो, खाणीच्या टेसनावर. असं म्हणतो, जसं काय हैद्राबादच सांगतोय.

एक तुला सांगायचं राहिलं. माझी बायकू अमीना लगीन होऊन आली तेव्हा तू शेळीच्या खुणेचं जातं डोक्यावर घेऊन आमच्या दारात आलीस. "भावाच्या घरी पीठ माझ्या दगडाचं पाहिजे," म्हणालीस. अमीना अजून त्यावरच दळती. त्यानंतर मला बढतीचा हुकूम आलता. मोठं जंक्शन, चांगली खोली. मी न्हाई म्हणालो. तुला वाटायचं मला कुणी बढती देतच न्हाई, आन् तू त्यावरून मला चिडवायचीस. चिडव म्हणलं. खरं सांगितलं असतं तर तू माझा पिच्छा पुरवला असतास. खरं हे की, मला हितनं जायचं नव्हतं. माझेबी पाय बांधले गेलते.

ताप चढलेला तेव्हा मी उशाशी बसून म्हणालो, "आक्का, आता तरी कबूल कर, गाव रेल्वेनं केलं." तू डोळे उघडलेस. म्हणालीस, "वरची तळी दळती का खालची, ते सांग आधी." तू हसलीस आन् म्हणालीस, "माझ्यावर दगड ठेवू नका रं. लई उचललेत." म्हणून ठेवला न्हाई. नुसती माती हाय, आन् कडेनं अमीनानं लावलेली तुळस. मुसलमानाच्या बाईनं लावली म्हणून कुणी काय म्हणालं न्हाई. म्हणालं असतं तर तू उठून बसली असतीस.

माती देऊन लोक परत निघाले, तेव्हा मी मागं थांबून बघत व्हतो. तुमची रीत आठवत व्हतो. पहिला रामूचा थोरला लेक थबकला, त्यानं मान वळवली. मग त्याची बायकू. मग गंगी, काठी टेकत. एकेक करत समद्यांनी मागं बघितलं, यल्लाक्का. कुणी पाल उपटायला गेलं न्हाई, पाल हायच कुठं? समदी आपापल्या घरी गेली. दिवे लागले.

आन् मग आज सकाळची गाडी. नागीला उदगीरला सासरी मीच गार्डाच्या हाती निरोप धाडला व्हता. ती उतरली. एका हातात पिशवी, डोळे सुजलेले, चाल मात्र तुझीच, दणादणा. मी निशाण टाकून पुढं झालो. म्हणलं, "चल पोरी, आईची जागा दाखवतो."

ती म्हणाली, "मामा, तुमी गाडी सोडा."

आन् ती फलाटावरून उतरली, आडव्या लाइनीच्या कडेनं गेली, खाणीच्या वरल्या अंगाला वळली. दारात बसलेली माणसं उठून उभी राहिली. तिनं कुणालाच वाट इचारली न्हाई.